साडेपाचचा पारा

२ फेब्रुवारी, रविवार

मिस्सा संपल्यावर फादरांनी चर्चच्या दारातच गाठलं. लग्न ठरलेल्या जोडप्यांचं जूनमध्ये शिबिर आहे. त्यात नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकवायला एक दाम्पत्य हवंय. आधीच्या दाम्पत्याने राजीनामा दिला. त्यांना जुळं झालं. फादर म्हणाले, मुलं ही देवाची देणगीच, पण वर्गात लोक हसायला लागतात.

मी जागच्या जागी हो म्हटलं. फादर म्हणाले, घरी एकदा विचारून घ्या. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, आमच्या घरी एकच मत असतं. फादर माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. बहुधा कौतुकाने.

विषय डोक्यात पक्का बसावा म्हणून इथे लिहून ठेवतो. गोळ्या, साधनं, ऑपरेशन हे चर्चला मान्य नाही. सबळ कारणासाठी मुलांत अंतर ठेवायचं असेल, तर महिन्यातले मूल राहण्यासारखे दिवस ओळखायचे आणि तेवढे दिवस नवरा-बायकोने संयम पाळायचा. ओळखायचे कसे? बायकोला जाग आली की अंथरुणातून न उठता तिचं तापमान घ्यायचं. बीज सुटलं की पारा दोन-तीन दशांश चढतो. चढून तीन दिवस टिकला की पुढचे दिवस मोकळे. म्हणजे सगळा खेळ थर्मामीटरचा. आणि मी चौदा वर्षं मोजमाप प्रयोगशाळेत थर्मामीटरच तपासतोय. देव माणसं बरोबर निवडतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

हिला सांगितलं. आपल्याकडे सबळ कारणही आहे: हिची नर्सिंगची शेवटची परीक्षा, मेच्या शेवटच्या आठवड्यात. ही तिसरी खेप. पहिल्या वेळी मधला पोटात होता, दुसऱ्या वेळी धाकटी. दोन्ही वेळा कॅलेंडर बघून दिवस मोजायची पद्धत होती, आणि मोजायचो मी. पहिल्या वेळी फेब्रुवारी महिन्याने घोळ घातला. दुसऱ्या वेळी कॅलेंडर गेल्या वर्षीचं निघालं. ते भिंतीवरून कुणीतरी वेळेत उतरवायला हवं होतं.

ही म्हणाली, तीनदाच बसू देतात, ह्या वेळी हुकली तर नाव कायमचं कटलं. मी म्हटलं, ह्या वेळी विज्ञान आहे.

हिने दोन प्रश्न विचारले. एक, पहाटे उठायचं कोणी? दोन, मोकळे दिवस आले आणि तेव्हा मला नको असलं तर? मी म्हटलं, पहिल्याला उत्तर गजर. दुसरा प्रश्न पुस्तकात नाही. ही हसली. म्हणजे संमती.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रयोगशाळेतल्या साठ थर्मामीटरमधून एक निवडला. पाऱ्याचा, जुना, इमानदार. पाण्याच्या टाकीत सहा वेळा तपासला. चूक फक्त ०.०२. स्वतः प्रमाणपत्र लिहिलं, स्वतः सही केली, काचेवर स्टिकर डकवला.

शेजारच्या टेबलावरच्या भिंगाने (हा भिंगं तपासतो, म्हणून भिंगच) विचारलं, गिऱ्हाईक कोण? मी म्हटलं, घरगुती. हळूहळू त्याने सगळं काढून घेतलं आणि म्हणाला, अरे, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पाकीट मिळतं. मी त्याला वीस मिनिटं समजावलं. निसर्गाचं वेळापत्रक वाचणं वेगळं आणि वेळापत्रकच फाडून टाकणं वेगळं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, ज्या गाडीचं वेळापत्रक वाचतोयस, त्या गाडीला काही विचारलंस का?

भिंग धर्म मानत नाही. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिले चार आकडे: ३६.४, ३६.९, ३६.२, ३६.७. ह्याला आलेख म्हणत नाहीत, ही कोंबडी चालून गेलीय कागदावर. हिला विचारलं, अशी का झोपतेस? ही म्हणाली, दोन वाजेपर्यंत अभ्यास, तीन वाजता धाकटी उठते, साडेपाचला तू उठवतोस, तर नेमकी झोपते कधी ते तूच सांग. हा आकड्यांवरचा खुलासा झाला, उपाय नाही.

उपाय मी काढला. परीक्षा होईपर्यंत सासूबाईंना बोलवायचं. ही आणि सासूबाई मुलांच्या खोलीत झोपतील. मी मोठ्या खोलीत एकटा. ह्याने दोन गोष्टी साधतात: मोजमाप स्वच्छ होईल आणि मोह दूर राहील. हिला हे इतकं पटेल असं वाटलं नव्हतं. लगेच उशी उचलली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाई आल्या. वय सहासष्ट, तब्येत खणखणीत. येताच इथल्या चर्चच्या गायनवृंदात नाव घातलं. पहाटे पाचला उठतात आणि दिवसभर मला जावईबापू म्हणतात. त्यात थट्टा किती आणि आदर किती, ते वजन करायचं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत नाही.

कार्यपद्धती ठरवली. पहाटे साडेपाचला मी पारा झटकून थर्मामीटर स्टीलच्या बशीत ठेवणार. मुलांच्या खोलीचं दार वाजवणार. दार चार बोटं उघडेल, बशी आत जाईल. मी बाहेर उभा राहून पाच मिनिटं मोजणार. मग बशी बाहेर. संभाषण नाही, दिवा नाही, स्पर्श नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

कमाल आहे! गुरुवार, शुक्रवार, शनिवार: ३६.१, ३६.१, ३६.१. पट्टी लावून आखल्यासारखी रेघ. पद्धत बरोबर असली की शरीरालाही शिस्त लागते.

आणि आज ३६.५! पारा चढला. गुरुवारपर्यंत म्हणजे... पण घाई नको. तीन दिवस टिकायला हवा.

पहाटे पाचपासून सासूबाई बाथरूममध्ये गुळण्या करत होत्या. रविवारी मिस्सेत गायचं म्हणून कढत मिठाचं पाणी. झोपमोड झाली, पण आजच्या दिवशी सगळं माफ.

१७ फेब्रुवारी, सोमवार

३६.१.

२ मार्च, रविवार

आज पुन्हा ३६.५. गेल्या रविवारीही होता. तीन रविवार झाले. सोमवारी पुन्हा खाली. हा योगायोग नाही. ह्याला मी नाव दिलंय: रविवार-शिखर. आजवर हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, ह्याचंच नवल वाटतं. माझा तर्क असा, की भाविक स्त्रीच्या शरीराला मिस्सेचा दिवस आधीच जाणवतो. ह्यावर लेख लिहिणार. शीर्षक नंतर.

हिला सांगायला गेलो, तर ही पुस्तकात डोकं घालून बसली होती. म्हणाली, थांब, मलाही तुला काहीतरी सांगायचंय त्या थर्मामीटरबद्दल. मी म्हटलं, आधी माझं ऐक. माझं सांगून होईपर्यंत धाकटी रडायला लागली.

८ मार्च, शनिवार

संयमाचा पंचविसावा दिवस. मन अत्यंत प्रसन्न. आज दोन गिऱ्हाइकांवर ओरडलो आणि भिंगाची खुर्ची त्याच्याकडून परत घेतली. ती माझीच होती.

आज सकाळी एक हृदयद्रावक गोष्ट. बशी बाहेर देताना बाहेरच्या दिव्याचा उजेड हिच्या हातावर पडला. केवढा सुकलाय तो हात! सुरकुत्या, शिरा वर आलेल्या, दोन-तीन तपकिरी डाग. चौतिसाव्या वर्षी! भांडी, कपडे, अभ्यास... आणि मी इथे आकड्यांत गुंग. डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

येताना हँडक्रीमची ट्यूब घेतली.

९ मार्च, रविवार

पहाटे थर्मामीटरशेजारी बशीत हळूच ट्यूब ठेवली. आतून हसण्याचा आवाज आला. मग दुसरं हसणं. मायलेकींना इतकं हसताना मी फार दिवसांनी ऐकलं. प्रेम व्यक्त करायला शब्दच लागतात असं नाही.

पारा: ३६.५. शिखर कायम.

१४ मार्च, शुक्रवार

हात स्पष्टपणे मऊ दिसतोय. पाच दिवसांत एवढा फरक. सासूबाई नाश्त्याला म्हणाल्या, जावईबापू फार मायेचे हो. हिने सांगितलं असणार त्यांना. ही मात्र त्या वेळी चहाच्या कपात तोंड घालून बसली होती. लाजली.

२० मार्च, गुरुवार

शिबिरातलं भाषण लिहायला घेतलं. सुरुवात छान जमली: ‘मित्रहो, नैसर्गिक नियोजनाचा पाया थर्मामीटर नव्हे. पाया म्हणजे पती-पत्नीचा संवाद. जो पती पत्नीचं ऐकतो, त्याला...’ इथे ही दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, दोन मिनिटं बोलायचंय. मी म्हटलं, आत्ता नको, ‘संवाद’ लिहितोय, तार तुटेल.

ती गेली. तार तरीही तुटली. ‘त्याला’च्या पुढे काय ते आठवेना.

३० मार्च, रविवार

फादरांनी विचारलं, कसं चाललंय? मी म्हटलं, उत्तम, पारा एकदम स्थिर. फादर म्हणाले, ते ठीक, पण त्या काय म्हणतात? मी म्हटलं, ३६.१, रविवारी ३६.५. फादर म्हणाले, आकडा नव्हे, त्या काय म्हणतात? चांगला माणूस आहे, पण आकड्यांचं वावडं दिसतं.

६ एप्रिल, रविवार

एक अडचण नोंदवून ठेवतो. हिची महिन्याची तारीख ही मला वेळच्या वेळी सांगते, ती मी तक्त्यावर लाल करतो. दोनदा लाल झालं. पण मधे पारा काही चढत नाही. नियम स्पष्ट आहे: पारा चढून टिकला नाही तर मोकळे दिवस नाहीत. म्हणजे आजचा संयमाचा चौपन्नावा दिवस.

रात्री झोप येत नाही. मोठी खोली फारच मोठी आहे. संकल्प: (१) थंड पाण्याने अंघोळ. (२) ऑफिसला चालत जाणे. (३) हिच्या केसांना येणाऱ्या साबणाच्या वासाचा विचार न करणे.

७ एप्रिल, सोमवार

(१) पाणी फार थंड होतं. (२) पाऊण तास उशीर झाला. (३) जमलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

थर्मामीटर पुन्हा प्रयोगशाळेत नेऊन तपासला. चूक ०.०२, जशीच्या तशी. माप चुकीचं असूच शकत नाही. म्हणजे ही अवस्थाच नवी आहे. मी तिला ‘स्थिरावस्था’ म्हणतो. लेखात दुसरा भाग घालावा लागेल.

भिंगाला तक्ता दाखवला. तो बराच वेळ बघून म्हणाला, एवढी सरळ रेघ मी फक्त फ्रीजची पाहिली आहे. मग म्हणाला, एकदा वहिनींनाच विचार ना, काय चाललंय ते. मी म्हटलं, तिला काय विचारायचं? तिला तिचं तापमान कसं कळणार?

२२ एप्रिल, मंगळवार

आज एक किरकोळ विसंगती. पहाटे नेहमीप्रमाणे बशी दिली, पाच मिनिटांनी परत आली, ३६.१. संध्याकाळी ही म्हणाली, दमले बाई, आज रुग्णालयात प्रॅक्टिकल होतं, पावणेपाचलाच घर सोडलं.

आता साडेपाचला पारा झटकला मी. मग ३६.१ कुणी चढवला?

विचार केला. उत्तर सापडलं. हिने निघण्यापूर्वी दुसऱ्या थर्मामीटरने तापमान घेऊन आकडा सासूबाईंना सांगितला असणार आणि सासूबाईंनी कोमट पाण्यात माझा थर्मामीटर बरोबर तेवढ्यावर आणला असणार. केवढी निष्ठा! घरात दुसरा थर्मामीटर नाही, हा एक मुद्दा उरतो. त्याचा विचार नंतर.

४ मे, रविवार

संयमाचा ब्याऐंशीवा दिवस. थोरलीने विचारलं, बाबा, तुम्ही कपाटाशी का बोलत होता? मी म्हटलं, भाषणाची तालीम. तशी ती होतीही.

ही मात्र टवटवीत दिसते आहे. गाल भरलेत, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. अभ्यास करताना गुणगुणते. संयमाचा एवढा चांगला परिणाम फक्त तिच्यावरच का व्हावा, कळत नाही. मिस्सेत आज सासूबाईंचा आवाज वरच्या पट्टीत असा काही लागला, की लोक मागे वळून बघत होते. गुळण्यांचा गुण.

१७ मे, शनिवार

फादरांचा निरोप: आसपासच्या सगळ्या चर्चमधल्या शिकवणाऱ्या दाम्पत्यांचे तक्ते तपासायला ३१ तारखेला एक सिस्टर येणार आहेत. तीस वर्षं सुईण म्हणून काम केलंय. हजारो तक्ते बघितलेत म्हणे. बरं झालं, शेवटी कुणीतरी जाणकार भेटणार. तक्ता मोठ्या कागदावर चार रंगांत काढायला घेतला. रविवार-शिखरांवर सोनेरी चांदण्या लावल्या.

३० मे, शुक्रवार

हिची परीक्षा आज संपली. पाचही पेपर दिले! मी स्टँडवर घ्यायला गेलो होतो. बसमधून उतरली ती तशीच उभी राहिली आणि रडायला लागली. मी घाबरलो. म्हणाली, काही नाही रे, सुटले. मग पिशवी माझ्या हातात दिली आणि घरापर्यंत मोकळे हात हलवत चालली, शाळेतल्या मुलीसारखी. मला फार बरं वाटलं. पद्धतीचा विजय.

घरी आल्यावर म्हणाली, उद्या त्या सिस्टरांसमोर बसण्याआधी मला तुला एक गोष्ट सांगायलाच हवी. मी म्हटलं, उद्या कार्यक्रम होऊ दे, मग निवांत. म्हणाली, नंतर उपयोग नाही. मी म्हटलं, अगं, चांदण्यांचा डिंक अजून ओला आहे, मला तिकडे बघू दे.

ही सासूबाईंकडे बघून म्हणाली, आई, तू साक्षीदार आहेस, सहाव्यांदा सांगायला गेले होते.

काय सहाव्यांदा, ते विचारायचं राहिलं.

३१ मे, शनिवार. दुपारी

लिहावंसं वाटत नाही. पण नोंद ही नोंद.

चर्चचा हॉल. सहा जोडपी, फादर, सिस्टर. सिस्टर ठेंगण्या, चष्मा नाकाच्या टोकावर. बाकीचे तक्ते वहीच्या पानावर, खाडाखोड, चहाचे डाग. माझा फळ्यावर लावला. अख्ख्या हॉलने आ वासला.

सिस्टरांनी जवळ जाऊन बघितलं. मग लांबून. मग चष्मा पुसून. विचारलं, हा कोणाचा? मी म्हटलं, माझ्या पत्नीचा. सिस्टरांनी हिच्याकडे बघितलं. वय? चौतीस, मी म्हटलं. सिस्टर हिला म्हणाल्या, बाळ, तू जरा गप्प बस हं, मी ह्यांनाच विचारते. मग मला म्हणाल्या, हा तक्ता चौतिशीच्या बाईचा नाही. ही बाई साठीच्या पुढची आहे, पाळी जाऊन पंधरा वर्षं झालेली. तब्येत मात्र छान आहे तिची.

मी म्हटलं, शक्य नाही, थर्मामीटर प्रमाणित आहे. सिस्टर म्हणाल्या, थर्मामीटर खराच बोलतोय, भाऊ. आणि ह्या चांदण्या कसल्या? मी रविवार-शिखराचा सिद्धान्त सांगितला. मिस्सेची ओढ वगैरे. सिस्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाल्या, रविवारी ह्या बाई तोंडात काहीतरी कढत घेतात.

त्याच वेळी शेजारच्या खोलीत गायनवृंदाची तालीम सुरू व्हायची होती. भिंतीपलीकडून आवाज आला. गुळण्यांचा. लांब, खोल, चढत्या सुरात. अख्ख्या हॉलने ऐकला.

पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येणार नाही. फादर बुटांकडे बघत होते, पण खांदे हलत होते.

मी एवढंच म्हटलं, की तरीसुद्धा नमुना पुन्हा घ्यावा लागेल.

१ जून, रविवार

आज गजर लावला नाही. तरी साडेपाचला जाग आली. मुलांच्या खोलीचं दार आपणहून उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, जावईबापू, राग धरू नका. पहिल्या दिवशी ही तासाभरापूर्वी झोपली होती, पुस्तक छातीवर तसंच. तुम्ही दार वाजवलंत. पोरीला उठवायला जीव होईना. मी जागीच होते, म्हटलं, तोंडात काय, कुणाच्याही धरता येतं. मग रोजचंच झालं. क्रीम मात्र चांगलं होतं हो.

हिला तिसऱ्या दिवशी कळलं. लगेच सांगायला आली होती, म्हणे. मी तेव्हा रेघेवरून पट्टी फिरवत होतो. मग दोन मार्चला. मग ‘संवाद’ लिहीत होतो त्या दिवशी. तारखा तिच्या पाठ आहेत. नंतर तिने मुद्दाम जोर लावला नाही. असं ती स्वतःच म्हणाली. रेघ सरळ आहे तोवर मला पूर्ण झोप मिळत होती आणि परीक्षा सुरक्षित होती, म्हणाली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हटलं, पण हा विश्वासघात नाही का? ही म्हणाली, आलेख तुझा, पोट माझं. दोनदा तुझ्या मोजणीवर विसंबले आणि दोनदा परीक्षेच्या दिवशी ओकाऱ्या काढत घरी बसले. मुलं माझा जीव आहेत, पण त्या दोन्ही वेळा मला कोणी विचारलं नव्हतं. चर्च म्हणतं दोघांनी मिळून ठरवा. तू थर्मामीटरला विचारत होतास. मला एकदा विचारलं असतंस तर मी सगळं सांगितलं असतं. माझे दिवस मला कळतात. इतक्या वर्षांत ते मी ओळखायला शिकले आहे, माझी वही आहे.

मग म्हणाली, आणि चर्चच्या शिकवणीचं म्हणशील तर एकशे आठ दिवस आपण ती अक्षरशः पाळली. एकही नियम मोडला नाही.

पुस्तक काढून तपासलं, खरंच मोडलेला नाही.

७ जून, शनिवार

फादरांकडे कन्फेशनला गेलो. खरं तर हिचं पाप सांगायला. फादर म्हणाले, दुसऱ्याची पापं इथे घेत नाहीत, स्वतःचं काही असेल तर सांगा. आठवून आठवून सांगितलं: दोन गिऱ्हाइकांवर ओरडलो, भिंगाची खुर्ची घेतली. (ती माझी नव्हती.) फादर म्हणाले, आणखी? यादी संपली होती. शेवटी तोंडातून निघून गेलं, की फादर, शंभर दिवस मी एका दाराबाहेर उभा होतो आणि आत कोण आहे ते मला माहीत नव्हतं.

फादर म्हणाले, हं. मग प्रायश्चित्त दिलं. रोज बायकोला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकायचं. मी विचारलं, प्रार्थना किती म्हणू? म्हणाले, प्रार्थना सोपी पडते तुम्हाला. हेच करा.

सोपं आहे. प्रश्नांचा तक्ता तयार करतो.

१५ जून, रविवार

शिबिर पार पडलं. ही आणि सिस्टर बोलल्या. ही बोलताना सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. चार रंगांचा तक्ताही वापरला, ‘काय करू नये’ ह्या भागात. सासूबाईंनी शेवटी गाणं म्हटलं. माझ्याकडे खुर्च्या लावण्याचं आणि पुन्हा रचून ठेवण्याचं काम होतं. ओळी पट्टी लावल्यासारख्या सरळ होत्या. कोणी दखल घेतली नाही.

२८ जून, शनिवार

ही पास! पहिल्या वर्गात. सोमवारपासून आठवडाभर प्रशिक्षण, मग पुढच्या रविवारपासून रुग्णालयात रुजू. मी आनंदाने ओरडलो, धाकटी दचकून रडली, मधला टाळ्या वाजवत सुटला. सासूबाई उद्या मिस्सा झाली की परत जाणार. ही उशी घेऊन मोठ्या खोलीत आली. पण मधे अंतर. म्हणाली, आधी प्रायश्चित्त पुरं कर. फादरांनी हिला सांगितलं की काय?

५ जुलै, शनिवार

प्रायश्चित्तात प्रगती आहे. सोमवारी उत्तर चार मिनिटांचं होतं, मंगळवारी अकरा, गुरुवारी अठ्ठावीस. बारा वर्षांचं साचलंय, ही म्हणते. सगळं शेवटपर्यंत ऐकलं. एकदाच घड्याळाकडे बघितलं.

आज जेवणं झाली, मुलं झोपली. मी विचारलं, उद्यापासून कामावर जायचं, कसं वाटतंय? ही पलंगावर मांडी घालून बसली आणि बोलायला लागली. छान बोलतेय. प्रसूती विभागाबद्दल, तिथल्या बायकांबद्दल, पहिल्या परीक्षेबद्दल, थोरलीच्या वेळच्या कळांबद्दल. तिच्या केसांना त्या साबणाचा वास येतोय. मी उशीला टेकून, एकीकडे ही नोंद करत, नीट कान देऊन

६ जुलै, रविवार

वरची नोंद अर्धवट राहिली. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास डोळा लागला असावा.

संध्याकाळी ही गणवेश घालून वेणी घालत होती. मी विचारलं, काल शेवटी काय म्हणालीस? ही आरशातूनच म्हणाली, माझी वही बघितली, आजचा दिवस मोकळा आहे आणि मलाही हवंय, असं म्हणाले. दोनदा म्हणाले. तू घोरत होतास.

मी म्हटलं, मग आज? म्हणाली, आजपासून पंधरा दिवस रात्रपाळी. त्यानंतर वहीत थांबायचे दिवस आहेत. पुढच्या महिन्यात विचार.

संकल्प: पुढच्या महिन्यात जागं राहणे.